शब्दामागचा ॲडोनिस

एखाद्या देखण्या नटाचं किंवा खेळाडूचं वर्णन करताना इंग्रजी वर्तमानपत्रं 'ॲडोनिस' हा शब्द अगदी सहज वापरतात. शब्दकोशात त्याचा अर्थ एका ओळीत मिळतो: अत्यंत रूपवान तरुण. आपण 'मदनाचा पुतळा' म्हणतो, तसाच हा प्रकार. अर्थ कळला की आपण पुढची ओळ वाचायला लागतो. पण या शब्दाची कुळकथा जरा उकरून पाहिली, तर काही चकित करणाऱ्या गोष्टी हाती लागतात. हा शब्द इंग्रजी तर नाहीच, मुळात ग्रीकही नाही. ते सुरुवातीला कुणाचं विशेषनाम होतं, असंही म्हणता येत नाही. आणि ज्याला आज आपण रूपाचा मानदंड समजतो, त्याची आठवण जुन्या काळच्या बायका छाती पिटून, मोठमोठ्यानं रडून काढत असत.

आधी त्याची गोष्ट सांगतो. सायप्रस बेटावर किनिरास नावाचा राजा होता. त्याची मुलगी मिर्रा. देवीच्या कोपामुळे या मुलीच्या मनात स्वतःच्या बापाविषयीच अभिलाषा निर्माण झाली आणि काळोखात, ओळख न देता, ती त्याच्याकडे गेली. ती कोण हे कळल्यावर राजा तलवार उपसून तिच्या मागे धावला. पळून पळून थकलेल्या मिर्रानं देवांची करुणा भाकली. देवांनी तिचं झाड केलं. त्या झाडाच्या खोडातून जो सुगंधी, कडवट डिंक पाझरतो, ते तिचे अश्रू. हा डिंक आपल्याला अनोळखी नाही. काष्ठौषधीच्या दुकानात ज्याला हिराबोळ म्हणतात, तोच हा. दिवस भरल्यावर या झाडाची साल फुटली आणि आतून मूल बाहेर आलं. तो ॲडोनिस.

मूल इतकं सुंदर, की प्रेमाची देवता ॲफ्रोडाइट हिनं त्याला एका पेटीत लपवून पाताळाची राणी पर्सिफनी हिच्याकडे सांभाळायला दिलं. पर्सिफनीनं पेटी उघडून पाहिली आणि ती परत द्यायलाच तयार होईना. दोघी देवींचं भांडण झ्यूसपुढे गेलं. त्यानं निवाडा दिला तो एखाद्या तलाठ्यानं वाटणी करावी तसा: वर्षाचे चार महिने पाताळात, चार महिने ॲफ्रोडाइटजवळ आणि चार महिने मुलाच्या मर्जीवर. ॲडोनिसनं आपले चार महिनेही ॲफ्रोडाइटलाच देऊन टाकले. पुढे ऐन तारुण्यात, शिकारीला गेला असताना, रानडुकरानं सुळा खुपसून त्याला मारलं. त्याच्या रक्तातून ॲनिमोनी नावाचं लाल फूल उगवलं. वाऱ्याच्या झुळकीनं पाकळ्या गळून जाव्यात, इतकं नाजूक ते फूल. ग्रीक कथांमध्ये देखण्या मुलांची अशी फुलं फार होतात. नार्सिसस, हायासिंथस हे त्यातलेच.

आता नावाकडे येऊ. लेबनॉनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या फिनिशियन लोकांच्या भाषेत 'अदोन' म्हणजे स्वामी, धनी. 'अदोनी' म्हणजे 'माझ्या स्वामी'. बहुतेक अभ्यासक ॲडोनिस हे नाव याच शब्दावरून आलं असं मानतात. किनाऱ्यावरच्या बायका आपल्या मेलेल्या तरुण देवाला 'स्वामी, माझ्या स्वामी' अशा हाका मारत रडत असणार. ग्रीक व्यापाऱ्यांनी त्या ऐकल्या आणि देवाचं नावच 'अदोनी' आहे अशी समजूत करून घेतली. मग आपल्या व्याकरणाप्रमाणे त्याला 'स' हा प्रत्यय लावला. आषाढात आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर एखादा परदेशी पाहुणा चार दिवस चालला, तर तोही घरी जाऊन सांगेल, की या लोकांच्या देवाचं नाव 'माउली' आहे. त्यातलंच हे.

गंमत अशी, की याच शब्दाचं एक सख्खं भावंड अगदी दुसऱ्या वाटेनं गेलं. हिब्रू ही फिनिशियनच्या जवळची भाषा. ज्यू लोक प्रार्थनेत परमेश्वराचं खरं नाव उच्चारत नाहीत. ते लिहिलेलं असतं, पण वाचताना त्याच्या जागी 'अडोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असं म्हणायचं. आपल्या कोकणातले, मुंबईतले मराठी बोलणारे बेने इस्रायलही आपल्या सिनेगॉगमध्ये हाच शब्द उच्चारत आले आहेत. म्हणजे बघा, एका भावाकडे देवाच्या अनुच्चारित नावाची जागा आली आणि दुसरा सिनेमाच्या पानावर जाऊन बसला.

हा देव मात्र फिनिशियनांच्याही आधीचा असावा. आजच्या इराकच्या दक्षिण भागात, सुमेर देशात, दुमुझी नावाचा एक मेंढपाळ देव होता. इनान्ना ही देवी त्याची पत्नी. ती पाताळात अडकली. सुटायचं तर आपल्या जागी कुणाला तरी देणं भाग होतं. परत आल्यावर तिनं पाहिलं, तर नवरा शोक करायचा सोडून नटूनथटून सिंहासनावर बसलेला. तिनं त्यालाच दिलं. शेवटी अर्धं वर्ष तो पाताळात आणि अर्धं वर्ष त्याची बहीण, अशी वाटणी झाली. वर सांगितलेली झ्यूसची वाटणी आठवत असेल. या दुमुझीचंच पुढे 'तम्मुझ' झालं. बायबलच्या जुन्या करारात यहेज्केल हा संदेष्टा संतापून सांगतो, की जेरुसलेमच्या मंदिराच्या दारात बायका तम्मुझसाठी रडत बसलेल्या आपण पाहिल्या. संदेष्टे रागावले तरी नाव टिकलं. ज्यू पंचांगात आजही एका महिन्याचं नाव तम्मुझ आहे. सीरिया, लेबनॉन, इराक या भागांत जुलै महिन्याला अरबीत 'तम्मूझ' म्हणतात. उन्हानं सगळं करपून जातं, तो महिना.

लेबनॉनमध्ये बिब्लोस हे फार प्राचीन बंदर आहे. त्याचं आजचं नाव जुबैल. त्याच्या दक्षिणेला एक नदी समुद्राला मिळते, तिला आज नहर इब्राहिम म्हणतात. जुन्या काळी ती ॲडोनिस नदी होती. डोंगरात अफ्का नावाच्या ठिकाणी एका प्रचंड गुहेतून तिचं पाणी बाहेर कोसळतं. ॲडोनिसला रानडुकरानं मारलं ते इथेच, अशी तिथली समजूत. वर्षातून एकदा या नदीचं पाणी तांबडं होई. लोक म्हणत, ॲडोनिसच्या जखमा पुन्हा वाहू लागल्या. मग गावोगाव सुतक, विलाप, केस कापून टाकणं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लुशियन नावाचा एक खट्याळ लेखक तिथे गेला होता. त्याला एका गावकऱ्यानं खरा प्रकार सांगितला: लेबनॉनची माती तांबडी आहे, या दिवसांत जोराचा वारा सुटतो आणि ती माती नदीत येऊन पडते, रक्तबिक्त काही नाही. लुशियननं हे नमूद केलं, आणि पुढे असंही जोडलं की, हे खरं असलं तरी वाऱ्यानं दर वर्षी नेमक्या त्याच दिवशी सुटावं, हा मला देवाचाच खेळ वाटतो. अठराशे वर्षांपूर्वीचा हा गावकरी आणि हा लेखक, दोघेही मला आवडतात. पुढे अफ्काचं देवीचं मंदिर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन यानं पाडून टाकायला लावलं.

ग्रीसमध्ये ॲडोनिसचा उत्सव पोहोचला तो सुद्धा रडतच. लेस्बॉस बेटावरची कवयित्री सॅफो इ.स.पू. ६०० च्या सुमाराची. तिच्या कवितेच्या उरलेल्या तुकड्यांत ॲडोनिस येतो तो मरणाऱ्या ॲडोनिसचा विलाप म्हणूनच. गुरू, लघू, लघू, गुरू, गुरू अशा पाच अक्षरांच्या एका लहानशा चरणाला ग्रीक छंदशास्त्रात ॲडोनिसचंच नाव आहे.

अथेन्समधला हा उत्सव मोठा विलक्षण होता. त्याला सरकारी मान्यता नव्हती, पुरोहित नव्हता, ठरलेलं देऊळ नव्हतं. शेजारणी-पाजारणी आपसांत जमून तो करत. फुटक्या मडक्यांच्या खापरांत माती भरायची, त्यात गहू, सातू, बडीशेप आणि लेट्यूसचं बी पेरायचं. मग शिडी लावून ती खापरं घराच्या छपरावर नेऊन ठेवायची. उन्हाच्या झळीनं कोंब भराभर वर येत आणि तितक्याच लवकर माना टाकत. यांना 'ॲडोनिसच्या बागा' म्हणत. मग बायका मेलेल्या ॲडोनिसच्या लहान मूर्ती घेऊन प्रेतयात्रा काढत, छपरांवरून रडत, आणि त्या सुकल्या बागांसह सगळं समुद्रात नाहीतर झऱ्यात टाकून देत. 'ॲडोनिसची बाग' हा ग्रीक भाषेत वाक्प्रचारच झाला. वरवरची, पटकन उगवणारी आणि मुळं न धरणारी गोष्ट, असा त्याचा अर्थ. प्लेटोनं एका संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी तो घातला आहे: शहाणा शेतकरी ज्या बियाण्याचं पीक हवं ते ॲडोनिसच्या बागेत पेरणार नाही.

आपल्याला इथे घटस्थापना आठवल्याशिवाय राहत नाही. नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य, नऊ दिवसांत वर येणारे ते पिवळसर कोंब, दसऱ्याला टोपीत खोवलेले तुरे. असं साम्य शोधण्याचा जेम्स फ्रेझर या ब्रिटिश पंडिताला नादच होता. 'द गोल्डन बाव' या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पसाऱ्यात ॲडोनिसवर १९०६ मध्ये स्वतंत्र खंड निघाला. त्यात ॲडोनिसच्या बागांशेजारी उदयपूरची गौरीपूजेतली सातूची पेरणी आहे, सिसिली आणि सार्डिनियातल्या गव्हाच्या कुंड्याही आहेत. ॲडोनिस म्हणजे धान्याचा देव, मरतो आणि पुन्हा उगवतो, पीक यावं म्हणून हा सगळा विधी, असं त्याचं म्हणणं. बरीच वर्षं ते सगळ्यांनी मानलं. मग १९७२ मध्ये मार्सेल देतिएन या अभ्यासकानं एक साधा प्रश्न विचारला. पीक यावं म्हणून विधी असेल, तर जाणूनबुजून सुकणारी बाग कशाला लावायची? त्याच्या मते ग्रीकांच्या लेखी ॲडोनिस शेतीच्या अगदी उलट होता. बियाणं वाया घालवणारा, वेळेआधी फुलणारा आणि फळ न धरता संपणारा. मला देतिएनचं म्हणणं अधिक पटतं, निदान अथेन्सपुरतं तरी. आपला घट आणि ती खापरं यांच्यातही हाच फरक आहे. आपण घटातला कोंब मिरवतो. अथेन्सच्या बायका त्याच्यासाठी रडत.

या रडण्याची एक तारीख इतिहासात नोंदली गेली आहे. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सनं सिसिलीवर स्वारी करायचं ठरवलं. प्लुटार्क लिहितो की, आरमार निघायच्या दिवसांतच हा उत्सव आला. गल्लोगल्ली प्रेतासारख्या मूर्ती आणि आक्रोश. अनेकांच्या मनात पाल चुकचुकली. चार वर्षांनंतर ॲरिस्टोफनीसनं आपल्या 'लिसिस्ट्राटा' या नाटकात एक अधिकारी दाखवला. तो वैतागून तक्रार करतो, की तिकडे सभेत पुढारी सिसिलीला चला म्हणून भाषण ठोकत होता आणि इकडे त्याची बायको छपरावर चढून ॲडोनिसच्या नावानं गळा काढत होती. प्रेक्षक हसलेही असतील. पण दोनच वर्षांपूर्वी, इ.स.पू. ४१३ मध्ये, ते सगळं आरमार आणि हजारो तरुण सिसिलीत संपले होते. पुरुषांनी हात वर करून ठराव मंजूर केला होता. मेलेल्या तरुणासाठी रडत होत्या त्या छपरावरच्या बायका.

हा मेलेला तरुण दिसायचा कसा? इथे आजच्या वापरातली मोठी गफलत आहे. दंड फुगवून, पोटाचे सहा चौकोन दाखवणाऱ्या मॉडेलला आपण ॲडोनिस म्हणतो. व्यायामशाळांच्या भाषेत कमरेवरच्या तिरप्या रेषांना 'ॲडोनिस बेल्ट' असंही नाव आहे. ग्रीकांना हे ऐकून हसू आलं असतं. त्यांच्याकडे बलदंड पुरुष म्हटला की हेराक्लीस, लढवय्या म्हटला की अकिलीस. ॲडोनिस कोवळा, मिसरूड नुकतं फुटलेला, अत्तराच्या वासाचा. थिओक्रिटस या कवीनं इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यातल्या ॲडोनिस उत्सवाचं मोठं खुसखुशीत वर्णन केलं आहे. दोन मैत्रिणी नवऱ्यांच्या कागाळ्या करत, गर्दीत धक्के खात दर्शनाला जातात. तिथल्या गाण्यातला ॲडोनिस अठरा-एकोणीस वर्षांचा आहे. रणात त्यानं काही गाजवलेलं नाही. एकाच शिकारीची हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे आणि तीत तो मेला. कथेत स्त्रिया त्याला निवडतात, लपवतात, त्याच्यासाठी भांडतात. तो स्वतः फारसं काही करत नाही.

मग हे नाव पुरुषी सौंदर्याचं सामान्यनाम झालं कसं? त्याचं श्रेय रोमन कवी ओव्हिडला आणि त्याला दीड हजार वर्षांनी पुन्हा वाचणाऱ्या युरोपला. ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फसिस'च्या दहाव्या खंडातली ही कथा प्रबोधनकाळात चित्रकारांनी आणि कवींनी उचलली. टिशननं १५५४ मध्ये स्पेनच्या फिलिपसाठी काढलेल्या चित्रात व्हीनस ॲडोनिसला मिठी मारून थांबवते आहे आणि तो कुत्रे घेऊन निघाला आहे. शेक्सपिअरचं पहिलं छापील पुस्तक नाटक नव्हतं. प्लेगमुळे नाटकगृहं बंद असताना त्यानं 'व्हीनस अँड ॲडोनिस' हे दीर्घकाव्य लिहिलं, ते १५९३ मध्ये निघालं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. विधी तर केव्हाच गेला होता. छपरं, खापरं, रडणाऱ्या बायका यांतलं काहीच चित्रात नव्हतं. उरला फक्त देखणा मुलगा. पुढे फ्रेंचमध्ये 'नटणं-मुरडणं' या अर्थाचं क्रियापदच त्याच्या नावावरून निघालं आणि अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये केसांच्या एका टोपाला ॲडोनिस म्हणू लागले. देवाचा असा टोप झालेला दुसरा कुणी मला आठवत नाही.

हा शब्द वापरल्यामुळे एका संपादकाला तुरुंगातही जावं लागलं. १८१२ मध्ये लंडनच्या एका दैनिकानं युवराज जॉर्जची, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जची, भरमसाट स्तुती छापली आणि त्यात त्याला रूपानं ॲडोनिस ठरवलं. 'एक्झॅमिनर' या साप्ताहिकाचा संपादक ली हंट यानं त्यावर लेख लिहिला. हा ॲडोनिस पन्नाशीचा आणि चांगला लठ्ठ गृहस्थ आहे, हे त्यानं वाचकांच्या नजरेला आणून दिलं. युवराजाच्या कर्जाचा आणि दिलेल्या शब्दांचा हिशेबही मांडला. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात, छापलेलं खरं आहे हा अशा खटल्यात बचाव होत नसे. ली आणि त्याचा भाऊ जॉन यांना १८१३ मध्ये दोन-दोन वर्षांची कैद आणि पाचशे-पाचशे पौंडांचा दंड झाला. लीनं तुरुंगातल्या खोलीच्या भिंतींना गुलाबांचा कागद चिकटवला, छतावर आभाळ रंगवून घेतलं. बायरन त्याला तिथे भेटायला येई.

अलीकडे हा शब्द डॉक्टरांकडेही पोहोचला. हॅरिसन पोप, कॅथरिन फिलिप्स आणि रोबर्टो ऑलिव्हार्डिया या तिघांनी २००० मध्ये 'द ॲडोनिस कॉम्प्लेक्स' हे पुस्तक लिहिलं. आपलं शरीर पुरेसं पिळदार नाही या विचारानं झुरणाऱ्या पुरुषांविषयीचं हे पुस्तक. पोप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याआधी एक मजेदार मोजमाप केलं होतं. अमेरिकेतल्या मुलांचा आवडता बाहुला 'जी. आय. जो' खऱ्या माणसाएवढा उंच असता तर त्याचा दंड किती भरला असता? १९६४ चा बाहुला सुमारे १२ इंच, १९९० च्या दशकातला 'एक्स्ट्रीम' बाहुला जवळजवळ २७ इंच. हाडामांसाच्या माणसाला हे गाठता येत नाही. मग उपाशी राहणं, तासन् तास वजनं उचलणं, स्टिरॉइडची इंजेक्शनं. आरशात पिळदार शरीर दिसत असूनही स्वतःला किडकिडीत समजणारी मुलं या डॉक्टरांनी तपासली. पुस्तकाचं नाव कानाला छान लागतं. पण मूळच्या ॲडोनिसचा दंड कुणी मोजला नव्हता आणि मोजला असता तर तो या व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी नापास झाला असता.

आपल्या मदनाचीही थोडी अशीच गत आहे. शंकरानं तिसरा डोळा उघडून त्याला जाळलं, तो अनंग झाला, म्हणजे ज्याला शरीरच नाही असा. आणि देखण्या शरीराला आपण उपमा देतो ती त्याची. कालिदासानं 'कुमारसंभवा'चा आख्खा चौथा सर्ग त्याच्या बायकोच्या, रतीच्या, विलापाला दिला आहे. ॲडोनिस आणि मदन यांचं नातं आहे असा माझा दावा मुळीच नाही. पण 'मदनाचा पुतळा' म्हणताना रती कुणाला आठवत नाही, एवढं खरं.

हा शब्द मात्र फिरून फिरून घरी गेला. १९३० मध्ये सीरियाच्या किनाऱ्याजवळच्या कस्साबीन या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, अली अहमद सईद नावाचा मुलगा जन्मला. तो कविता करी आणि वर्तमानपत्रांकडे पाठवी. एकही छापून येईना. सतराव्या वर्षी त्याच्या वाचनात ॲडोनिसची कथा आली. आपण ॲडोनिस आणि आपल्याला नाकारणारे संपादक म्हणजे ते रानडुक्कर, असं त्यानं ठरवलं आणि 'अदुनीस' या सहीनं कविता पाठवली. ती छापून आली. दुसरीही आली, आणि सोबत संपादकांचा निरोप, कचेरीत येऊन भेटा. कुणी तरी मोठा विद्वान येणार म्हणून मंडळी वाट पाहत होती, तर दारात गरीब घरातलं एक खेडवळ पोर उभं. हाच पुढे विसाव्या शतकातला अरबी भाषेतला अत्यंत महत्त्वाचा कवी झाला. २०११ मध्ये त्याला जर्मनीचा गटे पुरस्कार मिळाला. तो जन्मला ते गाव फिनिशियनांच्या त्या जुन्या किनाऱ्यापासून फार लांब नाही. 'अदोन' तिथूनच निघाला होता. परत येताना ग्रीकांनी लावलेला तो 'स' तेवढा त्याच्याबरोबर आला.